टीम लीड झालात, पण चार्ज घेतलात का? (फौजेतून आलेल्यांनी लिहा, बाकीच्यांनीही लिहा)

घणसोली_फौजी:

नमस्कार मंडळी. आपल्याकडं प्रमोशन झालं की पेढे वाटतात, स्टेटस टाकतात, पण चार्ज कुणी घेत नाही. नवी मुंबईत महापे-रबाळेच्या पट्ट्यात सिक्युरिटी ऑफिसर म्हणून काम करताना मी हे रोज बघतोय म्हणून धागा काढला. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसणारा पोरगा आज टीम लीड होतो, आठ-दहा माणसं त्याच्या हाताखाली येतात आणि त्याला कुणी सांगतच नाही की बाबा आता तुझ्या अंगावर नक्की काय आलंय. यात दोष त्या पोराचा नाही, त्याला खुर्ची देणाऱ्यांचा आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. फौजेत हँडिंग-टेकिंग म्हणून एक प्रकार असतो. जुना माणूस पोस्टिंगवर निघाला, नवा आला, की दोघांनी मिळून सगळं मोजायचं. कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, एकेक रायफल रॅकवरून काढायची, बॉडी नंबर मोठ्यानं वाचायचा, रजिस्टरशी ताडायचा, मग परत ठेवायची. मॅगझिन मोजायच्या, स्लिंग बघायच्या, मग स्टोअरमधली कांबळी, तंबूच्या खुंट्या, लंगरमधली पातेली. दुपार होते, पोटात कावळे ओरडतात, जाणारा घाई करतो की साहेब सही करून टाका माझी गाडी आहे. तिथं जो न मोजता सही करतो तो फसतो, कारण सही झाल्यावर एक जरी मॅगझिन कमी निघाली तर ती 'आधीच्याच्या वेळची' राहत नाही, ती तुमची होते. कुणीही तुमचं ऐकून घेत नाही आणि ते बरोबरच आहे.

आणि फक्त सामानाचा नाही, माणसांचाही चार्ज घ्यायचा असतो. कुणाचं गाव कुठलं, कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, कुणाचा भावाशी जमिनीवरून कोर्टात दावा चाललाय, कोण गप्प गप्प राहायला लागलाय. प्लाटून हवालदाराला हे सगळं तोंडपाठ असतं, विचारलं की वही न बघता सांगेल.

रूट मार्चवरून पोरं आली की बूट काढायला लावून पाय बघायचे असतात, त्याला फूट इन्स्पेक्शन म्हणतात. मी नवीन रंगरूट होतो तेव्हा आमचे प्लाटून कमांडर साहेब स्वतः मार्च करून आलेले, त्यांचाही शर्ट घामानं निथळत होता, पण स्वतः पाणी प्यायच्या आधी उकिडवे बसून एकेकाचा पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यात बघत होते. फोड आलाय तर विचारायचे मोजा कुठला घातला होतास, ओला होता का, दुसरा जोड आहे का. ज्याच्याकडं नव्हता त्याला संध्याकाळपर्यंत स्टोअरमधून मिळाला. भाषण नाही, काही नाही. त्या साहेबांनी सांगितलं असतं तर आम्ही कुठंही गेलो असतो.

डेहराडूनच्या आयएमएमध्ये, म्हणजे इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत, चेटवुड हॉल आहे. १९३२ साली ॲकॅडमीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरसेनापती (पुढे फील्ड मार्शल) चेटवुड जे बोलले ते तिथं लिहिलेलं आहे आणि प्रत्येक ऑफिसर ते पाठ करूनच बाहेर पडतो. पहिलं देशाची सुरक्षा, मान आणि भलं, दरवेळी. त्यानंतर तुमच्या हाताखालच्या जवानांचा मान, त्यांचं भलं, त्यांचा आराम. स्वतःचा आराम आणि सुरक्षा शेवटी, तेही दरवेळी. इंग्रजांच्या काळातलं आहे पण आपल्या फौजेनं ते ठेवलं, आणि चांगलं केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की काम वाटून देता येतं, जबाबदारी वाटून देता येत नाही. आणि ती जबाबदारी काहीतरी घडून गेल्यावर 'मी जबाबदार' म्हणण्यात जेवढी आहे त्याच्या कितीतरी पट आधीच्या रोजच्या कंटाळवाण्या बघण्यात आहे. तुमचा काय अनुभव? नुसतं चांगलं चांगलं नको, पटत नसेल तर तेही लिहा.

---

सायली_ऐरोली:

काका, खूप छान लिहिलंय, पायांचा प्रसंग तर फारच. पण मला एक गोष्ट खरंच पटत नाहीये आणि तुम्ही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. फौजेत जबाबदारीसोबत अधिकार येतो. मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत लीड आहे, माझ्याखाली सात जण आहेत. त्यांची सुट्टी मी मंजूर करू शकत नाही, त्यांचा पगार माझ्या हातात नाही, कुणाला घ्यायचं कुणाला काढायचं हे मला विचारतही नाहीत. क्लायंटला तारीख सेल्सवाले देऊन येतात आणि मग ती तारीख माझ्या डोक्यावर. मी त्या सात जणांना शनिवार-रविवार बसवायचं, त्यांची तोंडं बघायची, आणि डिलिव्हरी चुकली की मीटिंगमध्ये मी उभी. अशा ठिकाणी तुम्ही म्हणता तसा चार्ज घ्यायचा म्हणजे नेमकं काय घ्यायचं? अधिकार नाही आणि जबाबदारी पूर्ण, हा माझ्या मते अन्याय आहे, चारित्र्याची परीक्षा वगैरे नाही.

---

वाशी_ते_ठाणे:

सायलीताईला +१. ट्रान्सहार्बर लोकलच्या डब्यात रोज हेच ऐकतो. वाचतोय.

---

घणसोली_फौजी:

सायलीताई, प्रश्न एकदम बरोबर. अन्याय आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण फौजेत सगळ्यांना अधिकार असतो हा समज थोडा दुरुस्त करतो. सेक्शन असतं दहा माणसांचं आणि त्याचा कमांडर असतो हवालदार. सुट्टी तोही मंजूर करत नाही, ती वरून होते. पगार तर नाहीच. लान्स नायक म्हणजे बाहीवर एक फीत, बाकी अधिकार शून्य. पण कुणाची आई आजारी आहे हे कंपनी कमांडरपर्यंत पोचवणारा तोच असतो, आणि साहेबांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन उभा राहणारा पण तोच. अधिकार नसताना माणूस वर जाऊन बोलतो की नाही, यावरच पोरं त्याला जोखतात.

वर जाऊन बोलायचं म्हणजे काय त्याचा सगळ्यात मोठा दाखला तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशा साहेबांचा. एप्रिल १९७१, पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि इंदिराबाईंना लवकर कारवाई हवी होती. माणेकशांनी नंतर स्वतः भाषणांत सांगितलेलं आहे की त्यांनी कॅबिनेटसमोर सरळ सांगितलं, आत्ता गेलो तर हरू. कारणं मोजून दिली. पावसाळा तोंडावर आहे, बंगालमध्ये नद्या समुद्रासारख्या पसरतात. हिमालयातल्या खिंडी उघड्या आहेत, चीन उतरू शकतो. रणगाड्यांची तयारी पुरी नाही, कापणीचा हंगाम आहे आणि फौज हलवायला रेल्वे लागेल ती धान्याला लागणार आहे. राजीनामा देण्याची पण तयारी दाखवली. मग त्यांना वेळ मिळाला, ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. आणि ती शरणागती घ्यायला ते स्वतः गेले नाहीत, ईस्टर्न कमांडचे जनरल अरोरा गेले कारण लढाई त्यांच्या कमांडनं लढली होती.

तुमच्या सेल्सवाल्यांची तारीख आणि हे युद्ध एका मापाचं नाही, कळतं मला. पण नाही म्हणताना हातात कारणं हवीत आणि 'कधी जमेल' हे पण हवं. ते नुसतं नाही म्हणाले नव्हते, मला वेळ द्या मी करून दाखवतो असं म्हणाले होते.

---

सायली_ऐरोली:

हे 'कधी जमेल ते पण सांगा' मला घ्यायला हवं. आमच्याकडे आम्ही नुसतं चिडून गप्प बसतो नाहीतर हो म्हणून रात्री बसतो. पुढच्या तारखेच्या वेळी कुठलं काम किती दिवसांचं हे कागदावर घेऊन जाईन. अन्यायाबद्दलचं मत मात्र कायम!

---

नेरुळ_मास्टर:

मी फौजेतला नाही, मर्चंट नेव्हीतला आहे. नेरुळला चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलो आणि आता तिथेच जवळ राहतो. आमच्याकडची एक गोष्ट सांगतो जी मला वाटतं सगळ्या ऑफिसांत असायला पाहिजे.

जहाजावर कॅप्टन रात्री झोपायला जायच्या आधी एका वहीत ऑर्डर लिहितो, नाइट ऑर्डर बुक म्हणतात. कोर्स काय, कुठे लक्ष ठेवायचं, कुठल्या लाइटहाउसची वाट बघायची वगैरे. वॉचवर येणारा प्रत्येक ऑफिसर ते वाचून सही करतो. आणि त्यात जवळपास प्रत्येक कॅप्टन एक वाक्य लिहितोच, शंका आली तर मला उठवा. आता हे वाक्य लिहिणं सोपं आहे. खरा प्रश्न आहे की रात्री अडीचला खरंच उठवलं तर काय होतं.

मी सेकंड मेट होतो, बारा ते चारचा वॉच, मलाक्का स्ट्रेटमध्ये. समोर मच्छीमारांच्या बोटींचे दिवे, इतके की कुठला हलतोय कुठला नाही कळेना, आणि शेजारून एक मोठा टँकर ओव्हरटेक करत होता. मी फोन केला. कॅप्टन दोन मिनिटांत ब्रिजवर, पायात चपला, डोळे अजून उघडत नव्हते. त्यांनी रडार बघितलं, बाहेर बघितलं, मला म्हणाले तू कॉन घेऊन, म्हणजे जहाजाचा ताबा तुझ्याकडेच ठेवून, चालव मी इथे उभा आहे. अर्धा तास उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, मी दोनदा कोर्स बदलला. मोकळा समुद्र लागल्यावर म्हणाले चांगलं केलंस उठवलंस, आणि गेले. सकाळी ब्रेकफास्टला सगळ्यांच्या समोर परत सांगितलं की काल सेकंड मेटने योग्य वेळी बोलावलं. त्यानंतर त्या जहाजावर थर्ड मेट पोरगा, पहिलीच ट्रिप त्याची, तोही बिनधास्त फोन करायचा.

याच्या उलट कॅप्टनही असतात. एकदा खेकसला की विषय संपला, मग कुणी उठवत नाही आणि एक दिवस जहाज खडकावर जातं. कायद्याने झोपलेला कॅप्टनही जबाबदारच असतो, झोपलो होतो ही सबब चालत नाही. म्हणून मी माझ्या कडेट्सना सांगतो की हाताखालचा माणूस वाईट बातमी घेऊन आला की त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो तिथे तुमची लीडरशिप दिसते. बाकी सगळं नंतर.

---

कळव्याची_सिस्टर:

मास्टर सर अगदी बरोबर. मी नर्स आहे, आता वॉर्ड इन-चार्ज. सुभेदार काकांचं हँडिंग-टेकिंग वाचून वाटलं की आमचाच वॉर्ड आहे. आमच्याकडे शिफ्ट बदलताना ओव्हर देतात ती बेड टू बेड द्यायची असते, म्हणजे दोघींनी मिळून प्रत्येक खाटेपाशी उभं राहून. सलाईन किती राहिलं, युरिन बॅगमध्ये किती आहे, सुईची जागा सुजली आहे का हात लावून बघायची, ॲलर्जी कशाची, कुठला रिपोर्ट यायचा आहे. काउंटरवर उभं राहून 'सगळे स्टेबल आहेत' अशी ओव्हर देणाऱ्या पण असतात आणि त्यांची ओव्हर मी घेत नाही, वाईट दिसलं तरी चालेल.

माझ्या पहिल्या नोकरीतल्या इन-चार्ज सिस्टरबद्दल लिहायचं आहे. एका नवीन मुलीने दोन पेशंटची औषधांची ट्रे अदलाबदल केली होती, गोळी द्यायच्या आधी पेशंटनेच विचारलं म्हणून लक्षात आलं, काही झालं नाही. पण नातेवाईकांनी आरडाओरडा केला, मोठे डॉक्टर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं कुणी केलं. इन-चार्ज सिस्टर म्हणाल्या वॉर्ड माझा आहे, मला बोला. नाव सांगितलंच नाही. डॉक्टर बरंच बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. मग आत ड्युटी रूममध्ये दार लावून त्या मुलीला अर्धा तास नीट, कडक शब्दांत विचारलं की कसं झालं, एकेक पायरी. तेव्हा कळलं की दोन पेशंटचं आडनाव एकच होतं आणि ट्रेवर फक्त आडनाव लिहायची पद्धत होती. दुसऱ्या दिवसापासून ट्रेवर पूर्ण नाव आणि बेड नंबर. त्या मुलीला इन्सिडंट रिपोर्ट पण स्वतः लिहायला लावला, ते माफ केलं नाही. बाहेर पाठीशी उभं राहायचं आणि आत हिशोब घ्यायचा, दोन्ही पाहिजे. नुसतं पाठीशी घालणारे सिनिअर पण माणसांचं वाटोळं करतात.

---

नौपाडा_विनायक:

सिस्टर, तुमचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्यालाच धरून मी एक वेगळी गोष्ट मांडतो. आपल्याकडे सगळ्यात वरचा माणूस जबाबदारी घेतो का? मला एकच ठळक उदाहरण आठवतं आणि ते आपल्या शेजारचं आहे. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला, १८ जण गेले. मग २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्न पाणबुडीत मुंबईच्या समुद्रातच धूर झाला, दोन तरुण अधिकारी गेले, सहकाऱ्यांना वाचवताना गेले, दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ते काही स्वतः त्या पाणबुडीत नव्हते. तरी दिला. माझे काका डॉकयार्डमध्ये कामाला होते, ते सांगतात त्या दिवशी तिथे माणसं खूप अस्वस्थ होती पण साहेबांबद्दलचा आदर वाढला. इथे पूल पडतात, होर्डिंग पडतात, आणि रांगेने सगळे म्हणतात माझ्याकडे ते खातं नव्हतं.

---

खारघर_अभिजित:

विनायकदादा, जोशी साहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोधी मत मांडतो. सर्वोच्च माणूस गेला, मग पुढे काय? पाणबुडीतल्या बॅटऱ्या, रिफिटला म्हणजे मोठ्या दुरुस्तीला लागणारा वेळ, नवीन पाणबुड्या वेळेवर न मिळणं, हे प्रश्न राजीनाम्याने सुटत नाहीत, उलट ज्याला सगळं माहीत होतं तोच बाहेर पडतो. थांबून दुरुस्त करणं ही जास्त मोठी जबाबदारी नाही का?

आणि दुसरं, वर्दी म्हणजे चारित्र्य असं सरसकट धरू नका प्लीज. २०१० मध्ये कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा त्यात सेनेतल्या किती मोठ्या मोठ्या अधिकाऱ्यांची नावं होती ते आपण सगळ्यांनी वाचलंय. कारगिलच्या जवानांसाठीची म्हणून सांगितलेल्या इमारतीत फ्लॅट लाटल्याचा आरोप होता! मी स्वतः एनसीसी केलेला माणूस आहे, मला तेव्हा जे वाटलं ते अजून विसरलो नाही.

---

घणसोली_फौजी:

अभिजित, आदर्शचं लिहिलंत ते बरं केलंत. आम्हाला तुमच्याहून जास्त लागलं होतं ते. चेटवुड हॉलमधली ओळ उलटी केली की आदर्श होतं, स्वतःचा आराम पहिला. वर्दी माणसाला संधी देते, चारित्र्य देत नाही, ते रोज राखावं लागतं आणि वरच्या रँकला गेलं की जास्त राखावं लागतं कारण विचारणारं कुणी उरत नाही. म्हणून तर पलटणीत दरबार असतो, सैनिक संमेलन. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, समोर बसतात, सगळी पलटण बसते, आणि विचारतात किसी का कोई पॉइंट? शिपायानं उठून लंगरच्या डाळीबद्दल विचारलं तरी उत्तर द्यावं लागतं. चांगला सीओ असेल तर पॉइंट निघतात. सगळे गप्प बसले तर समजायचं काहीतरी बिघडलंय.

राजीनाम्याबद्दल विनायकराव आणि तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात असं गुळमुळीत मी म्हणणार नाही, मला विनायकरावांचं जास्त पटतं. प्रमुख गेल्यानं बॅटरी दुरुस्त होत नाही हे खरं, पण खाली बोटीवर जो नाविक बसलाय त्याला कळतं की आपला जीव गेला तर वर कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते. ही भावना नसेल तर माणसं जीव लावून काम करत नाहीत. फक्त तुमचा इशारा लक्षात ठेवू, की राजीनामा देऊन सुटका करून घेणारेही असतात.

---

नेरुळ_मास्टर:

कॅप्टनने जहाजाबरोबर बुडावं असा कुठलाही कायदा नाही, लोकांचा गैरसमज असतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत माणसांना बाहेर काढत राहिले, स्वतः उतरले नाहीत, महावीरचक्र मिळालं. त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. आणि १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर गेली तेव्हा माणसं अजून जहाजावर असताना कॅप्टन किनाऱ्यावर पोचला होता. कोस्टगार्डचा अधिकारी त्याला फोनवर ओरडून सांगत होता की परत जहाजावर जा. ३२ माणसं मेली, कॅप्टनला १६ वर्षांची शिक्षा झाली. आम्ही ते रेकॉर्डिंग ट्रेनिंगमध्ये ऐकवतो. हॉलमध्ये पन्नास पोरं असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

---

प्रेसशॉप_रबाळे:

सगळ्यांना नमस्कार, बरेच दिवस वाचतोय पहिल्यांदा लिहितोय. मी रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत नाइट शिफ्ट सुपरवायझर आहे, नवीनच झालोय. पॉवर प्रेस आहेत. प्रेसच्या पुढच्या गार्डला स्विच असतो, गार्ड उघडा असेल तर स्ट्रोक पडत नाही. तीन मशीनवर तो स्विच तार बांधून बायपास केलेला आहे म्हणजे गार्ड उघडा ठेवून पण मशीन चालते, कारण पार्ट पटापट काढता येतो आणि टार्गेट होतं. माझ्या आधीच्या सुपरवायझरच्या वेळेपासून असंच आहे. ऑपरेटर पोरं पण म्हणतात राहू दे सर इन्सेंटिव्ह जातो आमचा. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो आजपर्यंत काही झालं का? काका तुमचं पहिलं पोस्ट वाचून झोप लागली नाही. मी चार्ज घेतला तेव्हा सही कशावर केली तेच मला माहीत नाही. मी काय करू? नोकरीची गरज आहे, घरी मी एकटा कमावतो.

---

घणसोली_फौजी:

बाळा, आधी हे. आज रात्री त्या तीन मशीन चालू करू नकोस. बाकी सगळं आपण नंतर बोलू. टार्गेट परत मिळतं, बोटं मिळत नाहीत.

आता कसं करायचं ते. शिफ्टच्या लॉगबुकात तारीख, वेळ, तिन्ही मशीनचे नंबर आणि 'गार्ड इंटरलॉक बायपास अवस्थेत आढळला, मशीन थांबवली' एवढंच लिही, कुणाला दोष देऊ नकोस, आधीच्या सुपरवायझरचं नाव लिहू नकोस. तेच मॅनेजर आणि सेफ्टी ऑफिसरला मेलवर टाक आणि त्यात लिही की नवीन स्विच मिळाले तर किती वेळात मशीन चालू होतील. मेंटेनन्सवाल्याला विचारून घे आधी. सायलीताईला सांगितलं तेच, नाही म्हणताना 'कधी जमेल' सोबत द्यायचं. पोरांना मात्र तू समोर जाऊन सांग, नोटीस लावू नकोस.

रामा राघोबा राणेंची गोष्ट तुला सांगतो. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट, कारवारकडचे. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता सुरुंगांनी भरलेला, वरून मारा चालू, मागं रणगाडे अडकलेले. ८ तारखेला मांडीला जखम झाली तरी मागं गेले नाहीत. एका ठिकाणी ते रणगाड्याच्या खाली शिरले, रणगाडा पुढं सरकतोय तसे खालून रांगत सुरुंग बघत जायचे, आणि ड्रायव्हरपर्यंत दोन दोऱ्या बांधल्या होत्या, एक ओढली की थांब दुसरी ओढली की चल. परमवीरचक्र मिळालं त्यांना आणि हयातीत मिळालं. साहेबानं रणगाड्यात बसून शिपायाला खाली पाठवलं असतं तरी नियमात बसलं असतं. पण ज्याला ते काम सगळ्यात चांगलं येत होतं तो स्वतः खाली गेला. तुला गार्ड कसा असावा हे कळतंय ना, मग पहिली अर्धी पाळी तू त्या मशीनपाशी उभा राहा.

---

कळव्याची_सिस्टर:

भाऊ, मी चिरडलेले हात बघितलेत. रात्री तीन-चारच्या सुमाराला येतात, झोपेची वेळ असते ना. पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की बोट परत बसेल का. तुम्ही मशीन बंद करा. नोकरीचं टेन्शन कळतं पण एखादा पोरगा गेला तर तो मॅनेजर तुमचंच नाव सांगेल.

---

खारघर_अभिजित:

मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. इंटरलॉकचा लिमिट स्विच महाग नसतो, बसवायला पण फार वेळ लागत नाही, वायरिंग ठीक असेल तर एका पाळीत तिन्ही होतात. सहज बायपास करता येणार नाहीत असे कोडेड मॅग्नेटिक स्विच पण मिळतात, ते मागवायला सांग. आणि मशीन नुसती ऑफ करून ठेवू नकोस, मेन आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडायच्या मुख्य स्विचला, कुलूप लाव, चावी तुझ्या खिशात आणि टॅगवर तुझं नाव. पार्ट पटकन काढायचा असेल तर चिमटा किंवा हवेच्या झोताने पार्ट बाहेर टाकणारा एअर इजेक्टर लावता येतो, स्पीड फार कमी होत नाही. इन्सेंटिव्हचा प्रश्न पण सुटेल. काही अडलं तर मेसेज कर, मी रविवारी येऊन बघू शकतो, खारघरहून लांब नाही.

---

प्रेसशॉप_रबाळे:

अपडेट देतो. काल तिन्ही मशीन बंद ठेवल्या, कुलूप लावलं, लॉगबुकात लिहिलं, मेल टाकला. मॅनेजर सकाळी थांबायला लावून बोलला, बरंच बोलला, म्हणाला आधीच्याला जमत होतं तुलाच का जमत नाही. मी म्हटलं सर आज स्विच मिळाले तर उद्याच्या पाळीला चालू करतो, मेंटेनन्सशी बोललोय. सेफ्टी ऑफिसर मेलमध्ये होता त्यामुळे मॅनेजरला नाही म्हणता आलं नाही असं वाटतं. दोन स्विच स्टोअरमध्येच निघाले, ते बसवले. तिसऱ्याचा इंडेंट (मागणी) टाकलाय, ती मशीन अजून बंद आहे. माझ्या अप्रेझलचं काय होईल माहीत नाही. ऑपरेटर तिघं नाराज आहेत, एकाने तर बोलणंच सोडलं. आज पाळी सुरू होताना पाच मिनिटं त्यांच्याशी बोलणार आहे, काय बोलू ते सांगा कुणीतरी, मला भाषण जमत नाही.

---

नेरुळ_मास्टर:

भाषण करूच नका. इन्सेंटिव्ह किती बुडला ते विचारा, आकडा लिहून घ्या आणि तो भरून काढायला तुम्ही काय करताय ते सांगा, अभिजितने सांगितलेला इजेक्टर वगैरे. आणि जो बोलत नाहीये त्याच्या मशीनपाशी आधी जा.

---

घणसोली_फौजी:

आणि कुणाकडं ग्लोव्हज, सेफ्टी शूज नाहीत ते बघून घे. शूज फाटके असतील तर साइज लिहून आण, इंडेंट एकत्रच टाक. तिसरी मशीन चालू झाली की इथं कळव.

---

सायली_ऐरोली:

आणि अप्रेझलची मीटिंग ठरली की त्याच्या आधी सांग, तुझा तो मेल आणि लॉगबुकातली नोंद त्यात कशी मांडायची ते मी बसून लिहून देते. एवढं मला नक्की येतं.